भाटखारचा डुगडुगता दगड

तो नव्हे हो, तो नव्हे. तो पाय धुवायचा दगड. येणारं प्रत्येक माणूस आधी त्यालाच हात जोडतं, कारण तो मोठा आहे, गुळगुळीत आहे आणि वाटेत आहे. आमचा दगड इकडे, या उंडीच्या झाडाखाली. या, चपला तिथेच राहू द्या. मी उठत नाही, राग मानू नका. आज आमचा बिरड्याचा रोजा, आज जमिनीवर बसायचं असतं, आणि एकदा बसले की या गुडघ्यांना उठवणं माझ्या हातात नाही. पाणी हवं असेल तर विहिरीवर पोहरा आहे. रोजा माझा आहे, तुमचा नाही.

हां, हेच ते दोन दगड. हा फिकट, पाटाएवढा, जमिनीवर नुसता ठेवलेला. आणि शेजारी गोणपाटावर काढून ठेवलेला हा काळा, कडेला वेलीचं पान कोरलेला. वर्षभरात कधीही आलात तर काळा दगड फिकट दगडाच्या वर दिसेल. फक्त आजच्या दिवशी तो खाली असतो. का, ते सांगते. पण आधी त्या फिकट दगडाला जरा हात लावा. अहो लावा, चावत नाही. कोपऱ्यावर दाबा. बघा, डुगडुगतो की नाही? खाली चिप सारून झालीय लोकांची. गवंडी येऊन गेले, एक तर पार अलिबागेहून पाणसळ घेऊन आला होता. जमीन सपाट, दगडाचं बूड सपाट, तरी डुगडुगतो. काल मात्र तो ढिम्म होता, आणि आज संध्याकाळी परत ढिम्म होईल.

मी शेगुलाबाई भाटखारकर. या पाड्यात बेने इस्राएलांपैकी, म्हणजे इथल्या यहुदी लोकांपैकी, आता मीच उरले. आम्हाला पूर्वी शनिवार तेली म्हणत, कारण आम्ही तेल गाळायचो आणि शनिवारी आमचा घाणा बंद असायचा. सांगते ते मला माझ्या आजीनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. खरंखोटं त्या दगडाला ठाऊक.

असं सांगतात, की फार पूर्वी, कुठल्या राजाच्या वेळी ते विचारू नका, आमच्या वाडवडलांचं गलबत पश्चिमेकडून आलं आणि इथल्या खडकावर फुटलं. नवगावची माणसं ही गोष्ट वेगळी सांगतात, त्यांची त्यांच्यापाशी. आमच्या भाटखारात म्हणतात, की गलबतात पोथ्या होत्या, चांदीचे दिवे होते, गाणी येणारी म्हातारी माणसं होती, आणि ते सगळं समुद्रानं घेतलं. एक बाई मात्र किनाऱ्याला लागली. तिच्या पदरात हा दगड होता. पदरात असं आपलं आम्ही म्हणतो, तिकडच्या बायका काय नेसत होत्या देव जाणे. बुडणारं माणूस हातातलं सोनंसुद्धा सोडून देतं, हिनं दगड सोडला नाही. त्या दगडानंच तिला तारलं म्हणे. लाट आली की तो तिला तळाशी धरून ठेवायचा, लाट ओसरली की हलका व्हायचा, आणि ती वाळूवरून थोडी पुढे चालायची. अशी ती समुद्राच्या तळातून चालत आली. तिचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आम्ही तिला दर्यातली बाय म्हणतो.

तिनं सांगितलं, की यरुशलेम गावात देवाचं मोठं घर होतं, ते शत्रूनं जाळलं आणि पाडलं. हा त्या घराचा दगड. याच्यावर कधी काही ठेवू नका. याच्यावर चढेल तो देवाच्या पडलेल्या घराचाच दगड चढेल, तोवर याला असाच ठेवा. एवढं बोलून ती वाळूवर आडवी झाली, ती उठली नाही. दगड मात्र त्या दिवसापासून डुगडुगतोय. बसवला तिथे डुगडुगतो, हलवून दुसरीकडे ठेवला तर तिथे डुगडुगतो. कुणीतरी येणार म्हणून माणूस अर्धवट उठून बसतं ना, तसा.

आता पोथ्या बुडालेल्या. पुढच्या पिढ्यांनी घाणे घातले, बैल घेतले, इथली भाषा बोलायला लागल्या, मराठीत भांडायला लागल्या. बाकी सगळं विसरलं. शनिवार राहिला, देव एक आहे म्हणायची ती शमा प्रार्थनेची ओळ राहिली, आणि हा रोजा राहिला. पावसाळ्यात हे दिवस आले की मटण-मासळी बंद. वाल भिजत घालायचे, मोड आणायचे, सोलायचे, त्याचं बिरडं करायचं. आणि एक दिवस कडकडीत उपास धरून जमिनीवर बसायचं आणि रडायचं. का रडता असं कुणी विचारलं तर म्हणायचं, आमचं घर पडलं. कुठलं घर, कसं होतं, कुणी पाडलं, ते सांगता यायचं नाही. पण रडू खरं यायचं.

एका आळशी पणजोबानं म्हणे हा दगड एकदा घाण्याच्या फिरत्या लाकडावर वजनाला ठेवला. फुकटचं वजन, ठेवून काय बिघडतं असं त्याला वाटलं. बैल जागच्या जागी बसला. शेपटी पिळली, पेंड दाखवली, गोंजारलं, शिव्या घातल्या, बैल काही उठेना. दगड उतरवून झाडाखाली आणला तेव्हा बैल आपणहून उठला आणि फिरायला लागला. तेव्हापासून याला कुणी कामाला लावलं नाही.

मग फिरंग्यांचं राज्य आलं. खाडीच्या तोंडाशी त्यांनी गढी बांधली आणि गढीत चर्च. इगर्जी म्हणायची जुनी माणसं. म्हणतात की तिची भिंत इतकी पांढरी होती, की भरतीच्या वेळी ती खाडीच्या पाण्यात उलटी दिसायची, आणि सकाळच्या धुक्यात वरची खरी की खालची खरी ते कळायचं नाही. घंटा वाजली की मासेसुद्धा थांबतात असं कोळी सांगायचे. कोळ्यांचं काय घेऊन बसलात, पण सांगायचे खरे.

तिथे एक पाद्री होते, जुजे नावाचे. उंच, वाळके, उन्हानं नाक लाल झालेले. मराठी शिकले होते, बोलताना प्रत्येक शब्द नाकातून यायचा. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांच्यावर चिडाल. चर्चमधला दिवा अखंड जळायचा, आणि त्याला तेल जायचं आमच्या हस्साजी तेल्याच्या घाण्याचं. हस्साजी म्हणजे तेव्हा या पाड्यातला जाणता माणूस, बोलायला कमी, कामाला वाघ. त्याची आई बलूबाई, ती बोलायला वाघ. शनिवारी तेल मिळायचं नाही म्हणून चर्चचा गडी शुक्रवारीच जास्तीचं न्यायचा. अशी दोघांच्या देवांची सोय लागलेली होती.

एका वर्षी त्या गड्याला ताप आला म्हणून पाद्री स्वतः तेल न्यायला आले. नेमका बिरड्याचा रोजा. बघतात तर घाणा बंद, चूल बंद, आणि सगळा पाडा या झाडाखाली चिखलात बसून रडतोय. त्यांना वाटलं कुणी दगावलं. हस्साजी म्हणाला, कुणी गेलं नाही, आमचं घर पडलंय. पाद्रींनी सगळीकडे पाहिलं, घरं तर सगळी उभी. तेव्हा हस्साजीनं त्यांना हा दगड दाखवला आणि दर्यातल्या बायची गोष्ट सांगितली, जेवढी ठाऊक होती तेवढी.

पाद्री जुजे मटकन खाली बसले. त्यांच्या पुस्तकात ते सगळं होतं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. ते घर डोंगरावर कसं होतं, त्याचे दगड खोलीएवढे कसे होते, सोन्याच्या दारावर ऊन पडलं की लोकांना डोळे मिटून घ्यावे लागायचे. रोमच्या फौजेनं वेढा कसा घातला, गावात कण्या संपल्या, आग कशी लागली, तापलेलं सोनं दगडांच्या फटीत कसं ओघळलं. आमचे लोक तोंड उघडं ठेवून ऐकत होते. आमच्याच घराची गोष्ट आम्ही अशी परक्या माणसाच्या तोंडून ऐकली बघा. बायका त्यांना मधेच विचारत होत्या, अंगणात झाड होतं का, विहीर होती का. एखादा पाहुणा माहेरची खबर घेऊन आला की विचारतात ना, तसं.

पण पाद्री तिथे थांबले नाहीत. बोलता बोलता त्यांना जोर चढला. ते म्हणाले, की हे सगळं आमच्या प्रभूनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्या घराकडे बघून तो म्हणाला होता, की इथे दगडावर दगड राहणार नाही. आणि तसंच झालं. मग हस्साजीच्या दगडाकडे बोट करून ते म्हणाले, "याच्यावर दुसरा दगड कधीच चढायचा नाही. वाट बघणं सोडून द्या."

हस्साजीनं मान खाली घातली. बलूबाई मात्र पाद्रींकडे टक लावून बघत होती. तिनं एकच विचारलं, "हे बोलताना तुमच्या प्रभूचा चेहरा कसा होता?"

पाद्री उठले. आदल्या दिवशी भरून ठेवलेला तेलाचा बुधला उचलला आणि निघून गेले. वाटेत तेल हिंदकळून त्यांच्या झग्यावर सांडत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं म्हणे.

त्या दिवसापासून हस्साजीचं मन उडालं. तेल चर्चला जात राहिलं, त्यात त्यानं खंड पाडला नाही. पण घाण्यामागे फिरताना तो मधेच थांबायचा आणि या दगडाकडे बघत राहायचा. इतक्या पिढ्या आपण याच्यावर काही ठेवलं नाही, पावसात वाहू दिला नाही, पोरांना चढू दिलं नाही. आणि ज्याची वाट बघायची ते येणारच नसेल तर? मग दर्यातली बाय उगाच एवढं ओझं घेऊन चालली का? आईला एकदा तो म्हणाला, की खाडीत सोडून देऊ या, दगड सुटेल आणि आपणही सुटू. बलूबाई म्हणाली, माझ्या मढ्यावरून ने. त्यानं नेला नाही, पण रोज्याच्या दिवशी त्याच्या डोळ्याला पाणी यायचं बंद झालं. पाड्याला या गोष्टीचीच जास्त भीती वाटायला लागली. रडता येणं तेवढं एक आमच्याकडे उरलं होतं, आणि जाणत्या माणसाचं तेच आटलं.

अशी काही वर्षं गेली. मग मराठी फौज आली, गढीला वेढा पडला. तोफांचा आवाज इथपर्यंत यायचा आणि प्रत्येक आवाजाला हा दगड डुगडुगायचा. उन्हाळ्याच्या अखेरीला चर्चची भिंत कोसळली. धूळ इतकी उडाली, की खाडीवर भरदुपारी धुकं पडल्यासारखं झालं, आणि ते निवळलं तेव्हा पाण्यात उलटं दिसणारं चर्च नव्हतं. वरचंही नव्हतं. फिरंग्यांना जिवंत जाऊ दिलं, ते गलबतांत बसून निघून गेले. इथले जे गरीब लोक किरिस्ताव झाले होते ते मात्र इथेच राहिले, ते कुठे जाणार? आणि पाद्री जुजे गेले नाहीत. ते पडक्या भिंतीपाशी बसून राहिले.

पाऊस लागला तरी ते तिथेच. तो तेल नेणारा गडी होता ना, दुमिंग त्याचं नाव, तो दोन घास ठेवायचा. कधी खायचे, कधी नाही. बोलणं बंद झालं होतं. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चर्चचे दगड जायला लागले. पडलेल्या घराचे दगड कुणी सोडतं होय? कुणी विहिरीला नेले, कुणी गोठ्याला, बाकीचे खाऱ्या पाण्याच्या बांधाला गेले. शेवटी वेदीच्या कोपऱ्याचा एक उरला, वेलीचं पान कोरलेला. तो पाद्री मांडीवर घेऊन बसले होते. हाच तो, गोणपाटावरचा.

त्या वर्षीचा बिरड्याचा रोजा आला. सगळे या झाडाखाली बसले आणि बघतात तर हस्साजी नाही. उपाशीपोटी, अनवाणी, पावसात तो खाडीच्या तोंडाशी गेला होता. तो पडक्या चर्चमध्ये शिरला आणि पाद्रींच्या शेजारी चिखलात बसला. मग पाद्रींनी विचारलं, कशाला आलास?

हस्साजी म्हणाला, "रडायचं कसं ते आम्हाला येतं. बाकी सगळं विसरलो, तेवढं विसरलो नाही."

आणि तो रडायला लागला. इतक्या वर्षांचं साठलेलं. आपल्या घरासाठी की त्यांच्या घरासाठी, ते त्यालाही कळत नव्हतं. मग पाद्रीही रडले. पहिल्यांदा.

दुपारी हस्साजी त्यांना हाताला धरून या अंगणात घेऊन आला. दगड त्यांच्या छातीशी होताच. पाड्यातल्या माणसांनी सरकून जागा दिली. आत आल्यावर पाद्री आधी बलूबाईकडे गेले आणि तिच्यासमोर उभे राहिले. "बाई, तो रडला होता," ते म्हणाले. "ते गाव बघून आमचा प्रभू रडला होता. पुस्तकात तसंच लिहिलंय. मी वाचत होतो, पण सांगत नव्हतो."

बलूबाई म्हणाली, मला वाटलंच होतं. आणि त्यांना बसायला सांगितलं.

आता गोष्ट खरी इथे आहे. हस्साजी सगळ्यांना म्हणाला, की यांचा हा दगड इथे नुसता ठेवला तर उद्या कुणीतरी बांधाला नेईल. आपल्या दगडाला या गावात कुणी हात लावत नाही. तो आपल्या दगडावर ठेवू या.

केवढा गलका झाला असेल, विचार करा. म्हाताऱ्यांनी कपाळावर हात मारले. दर्यातल्या बायचा शब्द! याच्यावर चढेल तो त्या घराचाच दगड. हा कुठला, कुणाचा, ज्यांनी आपल्याला वाट बघू नका म्हणून सांगितलं त्यांचा! दगड कोपेल, बैल बसेल, पाडा बुडेल. हस्साजी एकटा पडला. तो आईकडे बघायला लागला. बलूबाई झाडाला टेकून बसली होती, उपासानं तिला ग्लानी आली होती. ती म्हणाली, जरा थांबा, माझा डोळा लागतोय. आणि अशा वेळी ती चक्क झोपली.

भर दुपार, पाऊस थांबलेला, पानांवरून थेंब पडताहेत, आणि सगळे जण एका म्हातारीच्या झोपेची राखण करत बसलेत. तिला स्वप्न पडलं. समुद्राच्या तळातून दर्यातली बाय चालत येत होती, केस पाण्यात वर तरंगत होते आणि पदर रिकामा होता. बलूबाईनं तिला विचारलं, बाय, तू ते घर पाहिलं होतंस का? ती म्हणाली, मी कुठलं पाहतेय, मी जन्मायच्या कितीतरी आधीच ते पडलं. वाटेवर एक अनोळखी बाई हा दगड मांडीवर घेऊन रडत बसली होती. तिचे हात थकले होते. तिनं मला म्हटलं, धर जरा. म्हणून मी धरला.

बलूबाई जागी झाली. तिनं स्वप्न सांगितलं आणि म्हणाली, "देवाच्या पडलेल्या घराचा दगड, असं ती बोलली होती. हेही देवाचं घर होतं, आणि ते पडलंय. ज्याच्या हातात येईल त्यानं धरायचा. ठेवा."

मग म्हाताऱ्यांनी सरकून वाट मोकळी करून दिली. पण आता पाद्रीच मागे सरले. ते म्हणाले, की मी हा यावर ठेवला तर दगडावर दगड होईल. माझ्या प्रभूचा शब्द मी माझ्या हातानं खोटा कसा करू? म्हणजे बघा, इतका वेळ आमचे लोक शब्दाला अडले होते, आता ते अडले.

बलूबाईला राग आला म्हणे. दिवसभराचा उपास, त्यात हे. ती म्हणाली, की वर्षातून एक दिवस, या रोज्याच्या दिवशी, सकाळी तुमच्या माणसानं येऊन दगड उतरवायचा. दिवसभर इथे दगडावर दगड राहणार नाही, तुमच्या प्रभूचा शब्द खरा. संध्याकाळी रोजा सुटताना आमच्या माणसानं तो परत चढवायचा, आमचा हट्ट खरा. तो रडला होता ना? मग त्याला हे चालेल.

पाद्री जुजे तिच्याकडे बघत राहिले, आणि हसले. मग त्या दोघांनी, पाद्रींनी आणि हस्साजीनं, एकेका बाजूनं धरून काळा दगड फिकट दगडावर ठेवला. हस्साजीनं भीत भीत खालच्या दगडाचा कोपरा दाबला.

दगड हलला नाही. गलबत फुटलं त्या दिवसापासून डुगडुगणारा दगड, पहिल्यांदा स्वस्थ बसला. हस्साजी तिथेच त्याला मिठी मारून बसला आणि म्हणाला, आला गं बाय, आला. ज्याची वाट बघत होतो तो आला, फक्त आपल्याला वाटलं होतं तिथून आला नाही. मग सूर्य बुडाल्यावर चूल पेटवली, बिरड्याचं पातेलं उतरवलं, आणि पाद्रींना पहिलं वाढलं.

पाद्री जुजे पुढे इथेच राहिले, आमच्या पोरांना गोष्टी सांगत, आणि इथेच गेले. किरिस्ताव लोकांनी नंतर खाडीपलीकडे छोटं चर्च बांधलं. त्याच्या दिव्याला पहिलं तेल याच अंगणातून गेलं.

माझी गोष्ट तेवढी राहिली. मी लहान होते तेव्हा पाडा निघाला. काही मुंबईला, बाकीचे सगळे तिकडे, जिथे ते घर होतं त्याच देशात. माझा भाऊ म्हणाला, हा दगडही नेऊ, याला त्याच्या गावी पोचवू. पेटी आणली, पेंढा आणला. चुकीचं नव्हतं हो त्याचं, दगड तिथलाच. पण वरचा काळा दगड उचलून कुठे ठेवायचा ते कुणाला सुचेना. तो जमिनीवर ठेवला की दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गोठ्याला जाणार. आईनं पेटी परत पाठवली. म्हणाली, याच्या डोक्यावर दुसऱ्याचं ठेवलेलं आहे, याला जाता येणार नाही. आणि आम्हालाही मग जाता आलं नाही. वाईट वाटलं का म्हणून विचाराल तर वाटलं, आजही कधी वाटतं. भावाची पोरं फोनवर बोलतात, मला त्यांचं निम्मं कळत नाही.

ते बघा, खाडीच्या वाटेनं येतोय ना टोपीवाला, तो आजचा दुमिंग. त्या तेल नेणाऱ्या गड्याच्या वंशातला. सकाळी यानंच दगड उतरवला. त्याच्या बायकोच्या हातात डबा आहे, त्यात बिरडं असणार. मला आता वाल सोलवत नाहीत, म्हणून ती करते. मीठ जरा जास्त घालते, पण मी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण ती ऐकत नाही.

सगळे विचारतात, शेगुलाबाई, तुमच्यानंतर कोण? तुमच्याही तोंडावर तो प्रश्न आहे, मघापासून दिसतोय. दगड उचलायची ताकद माझ्यात केव्हाच राहिली नाही. जोर दुमिंगचा असतो, मी नुसता हात लावते. पण माझा हात लागल्याशिवाय तो काही ठेवत नाही. एका वर्षी मी अलिबागला दवाखान्यात होते, तर यानं दगड सकाळी उतरवला आणि मी घरी येईपर्यंत तसाच ठेवला. रोज फडकं टाकून झाकायचा आणि शेजारी बसून राहायचा, कुणी नेऊ नये म्हणून. मी त्याला म्हटलं, अरे, ठेवून द्यायचास की. तो म्हणाला, मावशी, उतरवणं माझं, चढवणं तुझं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर दर्यातल्या बायनंच देऊन ठेवलंय. तिला तो कुणी दिला? ओळख ना पाळख, वाटेवरच्या बाईनं. म्हणून आजही बिरड्याच्या रोज्याला, सूर्य बुडताना या अंगणात जो कुणी असेल त्याला मी बोलावते. कुठल्या गावचा, कुठल्या देवाचा, विचारत नाही. आज तुम्ही आहात.

दुमिंग, ये, सूर्य टेकला. घे त्या बाजूनं. आणि तुम्ही, अहो तुम्हीच, लाजताय काय, इकडे माझ्या शेजारी या. माझा हात थकलाय, धरा जरा. हं. हळू. बसला.

आता खालच्या दगडाचा कोपरा दाबून बघा, हलतो का.